मातेवरील अभियोग : 'अरायव्हल' आणि त्याचे प्रेक्षक

चित्रपटाचा इतिहास लिहिणारे बहुधा तो निर्माण करणाऱ्यांचाच इतिहास लिहितात. दिग्दर्शक, नट, संगीतकार यांची दप्तरे उपलब्ध असतात. प्रेक्षक मात्र दिवे लागताच उठून घरी जातो आणि त्याचे मत त्याच्याबरोबरच जाते. तथापि क्वचित एखादी कृती अशी निघते, की प्रेक्षकांनी तिच्यावर घेतलेले आक्षेप, तिचे केलेले समर्थन आणि पुढे पालटलेली मते यांवाचून तिचा इतिहास पुरा होत नाही. डेनी विल्नव या कॅनडियन दिग्दर्शकाचा 'अरायव्हल' हा विज्ञानपट आम्ही त्या कोटीत धरतो. २०१६ च्या १ सप्टेंबरला तो व्हेनिसच्या महोत्सवात प्रथम दाखवला गेला आणि ११ नोव्हेंबरला अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्यातील मातेने केले ते योग्य की अयोग्य, हा वाद तेव्हापासून चालू आहे आणि अद्याप मिटलेला नाही. या वादाला त्याचे विशिष्ट स्वरूप कोठून आले, एवढ्याचाच शोध येथे घ्यावयाचा आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिला नसेल अशा वाचकांसाठी कथानक थोडक्यात सांगणे अवश्य आहे. पृथ्वीवर बारा ठिकाणी परग्रहावरची बारा प्रचंड याने येऊन अधांतरी उभी राहतात. आत आलेल्यांची भाषा कोणास कळत नाही. म्हणून अमेरिकी सैन्य लुईज बँक्स या भाषाशास्त्राच्या अध्यापिकेस आणि इयन डॉनेली या पदार्थवैज्ञानिकास पाचारण करते. ते प्राणी सात पायांचे. त्यांची लिपी वर्तुळाकार, जिला आरंभ नाही आणि शेवटही नाही. ती लिपी आत्मसात करता करता लुईजची कालाची जाणीवच बदलते. इकडे अगदी पहिल्या प्रसंगापासून प्रेक्षकाला तिच्या मुलीची दृश्ये दिसत असतात : जन्म, खेळ, रुसवे, मग असाध्य आजार आणि ऐन कुमारवयात मृत्यू. ही गतकालाची स्मृती आहे असे आपण धरून चालतो. चित्रपट संपत आला म्हणजे उमगते, की ती मुलगी अजून जन्मलीच नाही. तिचा पिता होणार तो हाच इयन. आणि हे सारे ठाऊक असताना, तो अपत्याविषयी विचारतो तेव्हा लुईज होकार देते. पुढे केव्हातरी ती त्याला सत्य सांगते, आणि तो घर सोडून जातो.

आम्ही हा चित्रपट प्रथम पाहिला तेव्हा चित्रगृहात पन्नास-साठच माणसे असतील. दिवे लागल्यावर बराच वेळ कोणी उठले नाही. पायऱ्या उतरताना मागून एका तरुणाने आपल्या सोबत्याला विचारले, "म्हणजे ती मुलगी आधी मेली, की नंतर?" सोबत्याला उत्तर देता आले नाही. आम्हालाही ते तत्काळ देता आले नसते.

अमेरिकेतील पहिल्या रात्रीचा कौल मात्र नोंदलेला आहे. तेथे सिनेमास्कोर नावाची एक संस्था चित्रगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून इंग्रजी अक्षरांत गुण घेते. समीक्षकांनी जवळजवळ एकमुखाने वाखाणलेल्या या चित्रपटाला त्या प्रेक्षकांनी 'बी' ही श्रेणी दिली. आपल्याकडील विद्यार्थ्याला ती समाधानकारक वाटेल. परंतु सिनेमास्कोरच्या व्यवहारात ती कोमटपणाची खूण समजली जाते. कारण शोधण्यास दूर जावयास नको. जाहिरातींत याने, रणगाडे आणि सैनिक दिसत होते. लोक युद्ध पाहावयास आले आणि त्यांना शिकवणी पाहावी लागली. शिवाय तीनच दिवसांपूर्वी, ८ नोव्हेंबरला, त्या देशात अध्यक्षपदाची अत्यंत कडवट निवडणूक होऊन गेली होती, आणि परस्परांची भाषा न कळणाऱ्या पक्षांविषयीचा हा चित्रपट अनेकांनी त्या निकालाच्या प्रकाशातच पाहिला. पुढे त्याची कीर्ती मुखोमुखी वाढली. सुमारे ४ कोटी ७० लाख डॉलर खर्चून केलेल्या या कृतीने जगभर २० कोटींहून अधिक मिळवले. कित्येकांनी तो दोनदा पाहिला, आणि दुसऱ्या खेपेचा प्रेक्षक हा निराळाच माणूस होता. कारण प्रारंभीच्या ज्या दृश्यांत पहिल्या वेळी त्याने शोक पाहिला होता, तेथे आता त्याला संकल्प दिसू लागला.

भाषाशास्त्रज्ञ हा प्रेक्षकांतील एक स्वतंत्र वर्ग ठरला. आपल्या शास्त्राची व्यक्ती नायिका झाल्याचा त्यांना कोण आनंद! माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील जेसिका कून या विदुषीचा सल्ला निर्मात्यांनी घेतला होता, आणि परक्या भाषेकडे पायरीपायरीने कसे जावे हे दाखवणारे प्रसंग त्यांना पटले. पण भाषा बदलली की मनुष्याला भविष्यच दिसू लागते, ही कल्पना त्यांच्या पचनी पडली नाही. सपीर आणि व्होर्फ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मताचा, म्हणजे भाषेवर विचार अवलंबून असतो या मताचा, सौम्य अर्थ पुष्कळांना मान्य आहे. चित्रपटाने घेतलेला टोकाचा अर्थ क्वचितच कोणाला. आमच्या वाचकांची येथे किंचित करमणूक होईल, कारण मराठीत 'परवा' हा एकच शब्द होऊन गेलेल्या आणि यावयाच्या अशा दोन्ही दिवसांना चालतो. आणि हिंदी मुलुखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतील मुलांच्या कानी त्यात 'कल'ची भर पडते. तरी त्यांतील कोणाला परीक्षेचा निकाल आधी दिसल्याचे ऐकिवात नाही. संस्कृतज्ञ प्रेक्षकांचा रुसवा आणखी गमतीचा. लुईज आपल्या प्रतिस्पर्ध्याची परीक्षा म्हणून 'युद्ध' या अर्थाचा संस्कृत शब्द विचारावयास लावते. उत्तर येते 'गविष्टि', आणि तिच्या मते त्याचा अर्थ 'अधिक गाईंची इच्छा'. शब्द ऋग्वेदातला, खरा आहे, आणि अर्थही मुळात तसाच. आपण संशोधनाला 'गवेषणा' म्हणतो त्यातही तीच गाय आहे. पण युद्ध, रण, समर, संग्राम असे शब्द ओसंडून वाहत असलेल्या भाषेत 'युद्धाचा शब्द कोणता?' असा प्रश्न कोणता पंडित विचारील? असो. हा रुसवा घरातला होता. खरा कलह निराळ्याच गोष्टीवर माजला, आणि त्याकडे वळण्यापूर्वी थोडे मागे गेले पाहिजे.

परग्रहावरच्या भेटीचे चित्रपट दिसावयास आकाशाविषयी असले, तरी त्यांतील उत्तम ते बहुधा आईबापांविषयीच निघालेले आहेत. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या १९७७ च्या 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड'मध्ये नायक बायकोमुलांना सोडून परग्रहवासीयांच्या यानात चढतो. त्या वेळच्या प्रेक्षकांनी त्याला डोळे भरून निरोप दिला. घरी राहिलेल्या मुलांचा विचार फारसा कोणी केला नाही. पुढे स्वतः पिता झाल्यावर स्पीलबर्ग यांनीच सांगितले, की आता आपण नायकाला घर सोडू दिले नसते. १९८२ च्या 'ई.टी.'मध्ये बाप घर सोडून गेलेलाच आहे आणि त्याची पोकळी परग्रहावरचा पाहुणा भरून काढतो. १९९७ च्या 'काँटॅक्ट'मध्ये विश्वाच्या पलीकडच्या किनाऱ्यावर नायिकेला भेटतो तो तिच्या मृत पित्याचे रूप घेऊन आलेला कोणीएक. २०१४ च्या 'इंटरस्टेलर'मध्ये बाप मुलीला सोडून जातो आणि परततो तो ती जराजर्जर झाल्यावर. या परंपरेत जाणारा तो बाप आणि वाट पाहणारे ते मूल, असाच क्रम पडून गेला होता. आणि जाणाऱ्याला प्रेक्षकांनी कधी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले नाही. 'अरायव्हल'मधील माता कोठेही जात नाही. ती राहते, मूल वाढवते, त्याच्या उशाशी बसते. पिंजरा तिच्या वाट्याला आला. ही विसंगती काही समीक्षकांनी तेव्हाच दाखवून दिली होती, आणि ती दाखवण्याजोगी होती असे आमचेही मत आहे. मात्र एवढ्याने वादाचा उलगडा होत नाही.

उलगडा होतो तो मूळ कथेकडे गेल्यावर. टेड चिअँग या अमेरिकी लेखकाची 'स्टोरी ऑफ युवर लाइफ' ही दीर्घकथा १९९८ साली प्रसिद्ध झाली. लेखकाच्या मनात त्या वेळी दोन गोष्टी घोळत होत्या. एक पदार्थविज्ञानातली : प्रकाशकिरण पाण्यात शिरताना असाच मार्ग घेतो, की ज्याला वेळ कमीत कमी लागावा, जणू निघण्यापूर्वीच त्याला मुक्काम ठाऊक असतो. फर्मा या सतराव्या शतकातील फ्रेंच गणितज्ञाने सांगितलेले हे तत्त्व. दुसरी गोष्ट रंगभूमीवरची. पत्नी कर्करोगाने गेल्यानंतर पॉल लिंकी या नटाने त्या दिवसांवर एकपात्री प्रयोग रचला होता. तो पाहून चिअँग यांना अटळ गोष्टीला सामोरे जाणाऱ्या माणसाची कथा लिहावीशी वाटली. या दोन गोष्टींची सांगड त्यांनी घातली ती एका आईच्या तोंडून. ती आपल्या न जन्मलेल्या मुलीला उद्देशून बोलते, आणि मुलीचे सारे आयुष्य भविष्यकाळी क्रियापदांत सांगते.

या कथेतील माता निवड करीत नाही. वाचकांनी ही गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. चिअँग यांचा सिद्धांत असा, की भविष्याचे संपूर्ण ज्ञान आणि ते बदलण्याचे स्वातंत्र्य ही दोन्ही एकाच मनात नांदू शकत नाहीत; ज्याला सारे दिसते त्याला ते टाळावे अशी वासनाच उरत नाही. मग जगण्यात काय उरते? ते म्हणतात, उच्चार उरतो. लग्नात पुरोहित कोणते शब्द बोलणार हे मांडवातल्या प्रत्येकाला ठाऊक असते, तरी ते बोलले जाईपर्यंत लग्न लागत नाही. हा दाखला त्यांचा. आपल्याकडे तो किती चपखल बसतो! शेवटचे 'सावधान' कानी पडेपर्यंत हातातल्या अक्षता हातातच असतात. तसेच झोपताना ऐकावयाच्या गोष्टीचे. कथेतील मुलगी पाठ असलेली गोष्टच पुन्हा वाचावयास लावते आणि आईने शब्द बदलला की तिला टोकते. शेणाचे घर आणि मेणाचे घर यांची कथा ज्यांनी ओळीने शंभर रात्री सांगितली आहे, त्या मराठी आईबापांना हे समजावून सांगावयास नको. कावळ्याचे घर वाहून जाणार हे ऐकणाऱ्या मुलाला सांगणाऱ्याइतकेच माहीत असते.

आणि मुलीचा मृत्यू? कथेत ती पंचवीस वर्षांची होऊन, गिर्यारोहण करताना कड्यावरून पडून मरते. म्हणजे अपघाताने, जो टाळता आला असता असा कोणीही म्हणेल. चिअँग यांनी अपघात योजला तो जाणूनबुजूनच असला पाहिजे. एका शब्दाने, एका तारेने, एका रुसव्याने थांबवता आले असते ते आई थांबवीत नाही, यातच ज्ञान आणि इच्छा यांविषयीचा त्यांचा सिद्धांत सिद्ध होतो. वाचकाच्या अंगावर काटा येतो, परंतु तो आईला दोष देत नाही. कारण तिची स्थिती मनुष्याची राहिलेली नाही हे त्याला कथेच्या भाषेतूनच कळलेले असते.

एरिक हाइसरर यांनी या कथेची पटकथा केली आणि अनेक निर्मात्यांचे नकार पचवून ती विल्नव यांच्यापर्यंत पोचली. मूळ नाव टाकावे लागले, कारण त्यावरून हा हलकाफुलका प्रणयपट असावा असे ऐकणाऱ्यांना वाटे. फर्माचे तत्त्व गळाले. त्याच्या जागी राष्ट्राराष्ट्रांतील ताण आणि चिनी सेनापतीला केलेला दूरध्वनी आला. परंतु मोठा बदल याहून पुष्कळ लहान दिसणारा आहे. कड्यावरचा अपघात गेला आणि असाध्य आजार आला. पंचवीस वर्षांची तरुणी जाऊन बालपण नुकतेच ओलांडणारी मुलगी आली. कारण उघड आहे. अपघात ठेवला असता तर चित्रगृहातील प्रत्येक आईने मनातल्या मनात ओरडून विचारले असते, 'मग तिला जाऊ का दिलेस?' आजाराने तो प्रश्न मिटवला. पण तो मिटवताना दुसरा जन्माला घातला, आणि तो अधिक दारुण होता : 'मग तिला जन्म का दिलास?' अपघातात टाळावयाचा तो केवळ एक दिवस असतो. आजारात टाळावयाचे म्हटले, तर ते मूलच टाळावे लागते.

आमच्या मते प्रेक्षकांतील सारा कलह या एका फेरफारातून निघाला. शिवाय चित्रपटाने लुईजला इच्छास्वातंत्र्य परत दिले. सारा प्रवास आणि त्याचा शेवट ठाऊक असून आपण तो स्वीकारतो, असे ती आपल्या मुखाने सांगते. स्वीकार म्हटला की नकार शक्य होता असे ठरते, आणि नकार शक्य होता म्हटले की खटला उभा राहतो. फिर्यादी पक्षाचे म्हणणे स्पष्ट होते : जे लेकरू यातना भोगून मरणार हे निश्चित ठाऊक आहे, त्याला आपल्या वात्सल्याच्या तृप्तीसाठी जगात आणणे हा स्वार्थ होय. बचावाचे म्हणणे असे, की आजारापूर्वीची वर्षे खोटी नव्हती. चित्रपटात ती मुलगी ओढ्यात पाय बुडवते, चित्रे काढते, घोडा घोडा खेळते, आणि तो आनंद तिच्या मृत्यूने पुसला जात नाही. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांनी डेरेक पार्फिट यांच्या १९८४ च्या ग्रंथाची आठवण करून दिली : न जन्मण्याने त्या मुलीचे हित झाले असते असे म्हणावे, तर ते हित भोगणारी ती कोठे असणार?

बचावाचा आणखी एक मुद्दा फार लोकप्रिय झाला, आणि तो आम्हास मुळीच पटत नाही. जन्मास येणारे प्रत्येक मूल एके दिवशी मरणारच; तेव्हा प्रत्येक आई लुईजच आहे, असे पुष्कळांनी लिहिले. हे ऐकावयास गोड आहे. पण प्रत्येक आई ज्या आशेवर जगते ती आशा अशी, की ते आपल्यामागून घडेल. आपण ते पाहणार नाही. ती आशाच लुईजपाशी नाही. मर्त्यपणाचे सामान्य ज्ञान आणि तारखेसहित केलेले भाकीत यांत जे अंतर आहे ते पुसून टाकले, तर चित्रपटात पाहण्यासारखे काय उरले?

आपल्या पुराणकारांना हे अंतर चांगले ठाऊक होते. मृकंडू ऋषीपुढे शंकराने पर्याय ठेवला : गुणहीन दीर्घायू पुत्र हवा, की गुणवान पण सोळाच वर्षांचा? त्याने दुसरा मागितला. सावित्रीला नारदाने भर सभेत सांगितले, की सत्यवान वर्षभरात मरणार. तिने वर बदलला नाही. लुईजच्या वकिलांना याहून चांगले दाखले मिळावयाचे नाहीत, आणि आमच्या मित्रमंडळींत ते तत्काळ दिलेही गेले. परंतु मार्कंडेय वाचला आणि सत्यवान परत आला. ज्यांच्या धाडसाला यश आले त्यांच्यावर कोणी खटला भरीत नाही. लुईजच्या कथेत यमाशी संवाद नाही. आणखी एक सूक्ष्म गोष्ट पाहावी. महाभारतातील सावित्री ते वर्षभर सत्यवानाला काहीच सांगत नाही. आपण कशासाठी उपोषण करतो आहोत, हे ती त्याला कळू देत नाही. हजारो वर्षे हे आख्यान ऐकणाऱ्या आमच्या समाजात 'त्याला सांगावयास नको होते काय?' असा प्रश्न कोणी विचारलेला आम्ही तरी ऐकला नाही.

'अरायव्हल'च्या प्रेक्षकांनी तो विचारला, आणि त्यांच्या सर्व आक्षेपांत आम्हास हाच सर्वांत वजनदार वाटतो. मूळ कथेतही आईबाप विभक्त होतात, पण त्याचे कारण या ज्ञानात शोधलेले नाही. चित्रपटाने ते तेथे नेले. अपत्य दोघांचे, परंतु निर्णय एकटीचा. इयन होकार मागतो तेव्हा आपण काय मागतो आहोत हे त्याला ठाऊक नसते. लुईजचे समर्थक म्हणतात, की तिने त्याला विचारले होते : सारे आयुष्य आरंभापासून अंतापर्यंत दिसले, तर त्यात बदल करशील काय? यावर तो म्हणतो, मनातले अधिक वेळा बोलून दाखवीन. पण हा प्रश्न गप्पांत विचारलेला आहे. असल्या उत्तराला संमती म्हणता येणार नाही. दुसऱ्या बाजूने हेही खरे, की तो गेला तो तिच्यावर रागावून, आणि त्यामुळे बाप उणा झाला तो आजारी मुलीला. कथेच्या या भागावर चित्रपट दोन-तीन वाक्यांहून अधिक बोलत नाही. त्याचा संयम इतरत्र गुण ठरतो. येथे मात्र तो काहीसा सोयीचा झाला आहे, असे म्हणावेसे वाटते.

संगीताविषयी दोन शब्द. आइसलंडचे योहान योहानसन यांनी या चित्रपटासाठी रचलेले संगीत अपूर्व आहे; पण प्रेक्षक डोळे पुसत बाहेर पडले ते आरंभी आणि अखेरीस वाजणाऱ्या माक्स रिक्टर यांच्या २००४ मधील रचनेने. ऑस्करच्या परीक्षकांनी याच कारणास्तव योहानसन यांची रचना स्पर्धेतून वगळली. दोहोंचा परिणाम श्रोत्याला वेगळा करता यावयाचा नाही, असे त्यांचे म्हणणे. चित्रपटाला आठ नामांकने मिळाली, पारितोषिक मात्र ध्वनिसंपादनाचे एकच. आणि ज्या एमी अ‍ॅडम्स यांच्या मुद्रेवर हा सारा डोलारा उभा आहे, त्यांचे नाव यादीत नव्हते. त्याबद्दल प्रेक्षकांनी केलेला गलबला पुष्कळ दिवस चालला होता. योहानसन २०१८ च्या फेब्रुवारीत निवर्तले.

ज्यांच्या दृष्टीने ही कथा कल्पित नाही असाही एक प्रेक्षकवर्ग आहे, आणि तो बोलतो कमी. हंटिंग्टनचा आजार आईबापांपैकी एकाला असेल, तर तो अपत्याला होण्याचा संभव निम्मा असतो. त्याचा जनुक १९९३ साली सापडला आणि रक्ताच्या चाचणीने भविष्य नेमके कळू लागले. तरी ज्यांना तो धोका आहे त्यांतील बहुसंख्य लोक ती चाचणी करून घेत नाहीत. आपल्याकडे थॅलेसेमियाचे वाहक असलेली जोडपी आहेत. प्रत्येक गरोदरपणात चारांत एक या हिशोबाने त्यांना डॉक्टरपुढे बसावे लागते, आणि गर्भाची परीक्षा करून निर्णय घ्यावा लागतो. त्यांनी काय ठरवले ते बहुधा शेजाऱ्यालाही कळत नाही. 'मुलाला जन्म दिलास तो चूक', हे वाक्य अशा घरांत उच्चारले गेले असेल तर ते दार लावून.

आमच्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या घरी आम्ही चारपाच जणांनी हा चित्रपट पुन्हा पाहिला. त्यांचा मुलगा नऊ वर्षांचा होऊन गेला, त्यास चाळीस वर्षे झाली. त्याच्या हृदयाचा दोष जन्मानंतर लगेच कळला होता. चित्रपट संपल्यावर आमची नेहमीची वादावादी सुरू झाली : स्वातंत्र्य, नियती, पार्फिट, सावित्री. बाई काही वेळ ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तिला आधी ठाऊक होते याचे तुम्हा सर्वांना एवढे नवल का वाटते? मला पाचव्या दिवशी ठाऊक होते. डॉक्टरांनी मला एकटीलाच सांगितले. हे तेव्हा फिरतीवर होते. यांना मी वर्षाने सांगितले."

आमच्यापैकी कोणी काही बोलले नाही. त्यांचे यजमान खिडकीपाशी बसले होते. बाईंनी त्यांच्याकडे वळून विचारले, "अहो, तुम्हाला आधीच सांगायला हवे होते का?"

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्या वर्षी आपण घरावर हा मजला चढवला. आधी कळले असते तर चढवला नसता."

आम्ही बसलो होतो ती खोली त्याच मजल्यावरची. ते उठले आणि चहाचे सांगावयास खाली गेले.